गाडीत मिस्त्री घालून मिस्त्रीच्या शोधात: सोलापूर ते वेळापूर

सिद्राम मिस्त्रींनी दिवाळीनंतर थापी कायमची खाली ठेवायचं जाहीर केलं, तेव्हा मला त्यांच्या गुडघ्यांपेक्षा स्वतःचंच जास्त वाईट वाटलं. मी सोलापुरात घरं बांधून देतो. मोठा बिल्डर वगैरे नाही; वर्षाला दोन-तीन घरं, एखादी वाढीव खोली. गेली चौदा वर्षं माझ्या प्रत्येक घराचा गिलावा सिद्राम मिस्त्रींच्या हातचा. दिवाळीनंतर तीन घरं गिलाव्याला येणार आणि हाताशी मिस्त्री नाही, म्हणजे धंदा गुंडाळायचा. आणि गुंडाळला तर काय, हेही ठरलेलं आहे. माझ्या मेहुण्याचं पाइप आणि नळांचं दुकान आहे, आणि काउंटरमागची एक खुर्ची तो पाच वर्षांपासून माझ्यासाठी राखून आहे. वर "केव्हाही या दाजी," म्हणतो. इतक्या प्रेमानं म्हणतो की झोप उडते.

"लोक लग्नाचं कार्यालय वर्षभर आधी धरतात," माझी बायको सुजाता म्हणाली. "तुम्ही मिस्त्री आत्ताच धरून ठेवा."

तुम्हालाही असा दौरा काढायचा असेल तर पहिली सूचना: अमावस्येला निघा. आमच्याकडे त्या दिवशी बांधकामं बंद असतात, त्यामुळे मिस्त्री घरी सापडतो. एरवी तो फोनवर "निघालोच" एवढंच सांगतो.

सिद्राम मिस्त्रींनी तीन नावं दिली, कुर्डुवाडी, अकलूज आणि वेळापूरची. वर एक हुकूम. "मालक, तुमाला भिंत कळत न्हाई. म्हादेवीला संगं न्या. तिचा हात फिरला की भिंत खरं बोलती."

महादेवी अक्कलकोटकडची. चौदा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली माल कालवते, घमेली वाहते. शनिवारी सकाळी सहाला ती आमच्या ओम्नीत मागे बसली. पिशवीत ओळंबा, आणि फोनवर घरच्यांशी कन्नडमध्ये कसलीशी लांबलचक सूचना चालू. सुजातानं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतली होती. एकूण थाट मुलगी बघायला निघाल्यासारखा होता.

पुण्याचा हायवे मोहोळपर्यंत लोण्यासारखा आहे. मोहोळला चहा घ्या, पुढे शेटफळला उजवीकडे वळून माढ्यावरून कुर्डुवाडी गाठा. या रस्त्यावर गाडी हळू घ्या, खड्डे सांगून येत नाहीत.

कुर्डुवाडीत हणमंत मिस्त्रींच्या दारात चार मोटारसायकली आणि एक जीप उभी होती. अमावस्येची युक्ती जिल्ह्यातल्या सगळ्या कंत्राटदारांना माहीत आहे, हे तिथे कळलं. ओसरीवर आम्ही नंबरानं बसलो. आमची पाळी आली तेव्हा मी घसा साफ करून प्रश्न विचारणार, तोवर मिस्त्रींनीच सुरुवात केली.

"साइटवर पाणी कोन मारतंय?"

"वॉचमन," मी म्हणालो.

"दिसातनं किती डाव?"

"दोनदा."

"मंग भेगा पडल्या की नाव आमचं खराब. वाळू कुटली? संडासाची सोय हाय का? मागचा मिस्त्री का सोडून चालला?"

बघायला आम्ही गेलो होतो आणि चहाचा कप हातात धरून मान खाली घालून उत्तरं मीच देत होतो. सुजाता तोंडावर पदर धरून बसली होती. शेवटी मिस्त्रींनी डायरी काढली आणि पुढच्या गुढीपाडव्यानंतरचा आठवडा देऊ केला, तोही बघू म्हणून. एवढ्यात महादेवी घराला एक फेरी मारून आली आणि माझ्या कानाशी पुटपुटली, "मालक, कंपाउंडला पोट आलंय." भिंत फुगली की तिला पोट आलं म्हणतात. पण तिचा आवाज मूळचा खणखणीत असल्यामुळे ते सगळ्या ओसरीनं ऐकलं आणि हणमंत मिस्त्रींनी शर्ट खाली ओढून घेतला. आम्ही चहा अर्धा टाकून निघालो.

टेंभुर्णीला हायवेवर पुष्कळ हॉटेलं आहेत, पण जेवण घरचं असेल तर झाडाखाली थांबा. शेंगाचटणीवर दही मिळालं तर उत्तम. तिथून अकलूजपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. इतका हिरवा रंग आम्हा सोलापूरकरांच्या डोळ्यांना सोसत नाही.

अकलूजच्या पोपट मिस्त्रींनी आमचं फार प्रेमानं स्वागत केलं आणि थेट गोठ्यात नेलं. अकरा म्हशी. थापी सोडून त्यांना तीन वर्षं झाली होती.

"म्हशीला वळंबा लावाय लागत न्हाय," ते म्हणाले. "आन ती वाकडी हुबी ऱ्हायली तरी गिऱ्हाईक वरडत न्हाय."

"पण हातातली कला?" मी जरा भावुक झालो.

"पोरास्नी म्हनलं शिका. कोन शिकतंय? मिस्त्री म्हनलं की सोयरीक जमंना."

चहा मात्र निव्वळ दुधाचा होता. तसा चहा मी वर्षभरात प्यायलो नव्हतो, आणि तो पिताना मला मेहुण्याचं काउंटर स्पष्ट दिसत होतं.

वेळापूर तिथून जवळ. गावातलं जुनं दगडी देऊळ चुकवू नका. सुजाता आणि मी मूर्तीपाशी हात जोडून उभे होतो आणि महादेवी भिंतीच्या सांध्यांवरून बोट फिरवत होती. "चुना न्हाई, शिमिट न्हाई," ती म्हणाली. "कसं बसवलं असंल की." मी मनात देवाला म्हणालो, बाबा रे, या वेळी दे.

दत्तू मिस्त्री चक्क कामावर होते. नव्या न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा चालला होता. "आज अमावस्या ना?" मी विचारलं. "ती गिऱ्हाइकाला," ते म्हणाले, "घरच्या कामाला कसली?" माणूस मला एकदम आवडला. आम्ही कशाला आलो ते त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि काही बोलणार एवढ्यात व्याह्यांचा फोन आला. रेंज मिळेना म्हणून ते बोलत बोलत रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच रमले.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. महादेवी घमेल्यातल्या घट्ट होत चाललेल्या मालाकडे बघून अस्वस्थ झाली. "धरायलाय माल," ती म्हणाली. "वाया जातोय बघा." मी म्हणालो, जाऊ दे, त्यांचं ते बघतील. तिनं ऐकलं नाही. पदर खोचला, थापी उचलली आणि भिंतीला भिडली. फटाफट माल बसत गेला, पट्टी फिरली, उरलेला कोपरा सरळ धारेला आला. मी चौदा वर्षं साइटवर उभा आहे, पण हे बघताना माझं तोंड उघडंच राहिलं होतं, असं सुजाता सांगते.

दत्तू मिस्त्री परत आले. "ह्यो कोपरा कुनी मारला?"

मी माफी मागायला सुरुवात केली. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. ओळंबा सोडला, दोरी स्थिर होईपर्यंत थांबले, मग महादेवीला विचारलं, "बाई, तुमी मिस्त्री का?"

"न्हाई. बिगारी."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला गाडीत जाऊन बसावंसं वाटलं. "मालक, गाडीत मिस्त्री घालून मिस्त्री हुडकत फिरताय व्हय?"

परतताना पंढरपूर मागे पडलं. मग मीच विचारलं, "कधी शिकलीस?"

"सिद्राममामा दुपारचं जेवून आडवं व्हत्यात की. तवाची भिंत कोन पुरी करतंय वाटलं तुमाला?"

मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचो की आमच्या मिस्त्रींचा हात दुपारनंतर जास्त बसतो.

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी इचारलं कवा?"

मी तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली आणि दिवाळीनंतरची तिन्ही घरं तू कर म्हणालो. तिनं शांतपणे अटी सांगितल्या. मजुरी मिस्त्रीची. आणि हाताखाली दोन बायका, घमेली उचलायला नाही, शिकायला. "धा वर्सांनी माझं बी गुडघं दुखनार की मालक. तवा परत ही गाडी काढनार का तुमी?" पुढचा विचार करतो म्हणून ऐटीत निघालेला मी, आणि माझ्याहून दहा वर्षं पुढचं बघत होती ती मागच्या सीटवर बसून. मी सगळ्याला हो म्हणालो. ती हो म्हणाली नाही. "सिद्राममामाला इचारते. त्येंच्या जागंवर त्येंला न इचारता कसं बसू? सोमवारी सांगते."

अडीचशे किलोमीटरच्या आसपास फेरा होतो. टाकी भरून निघालात तर एका दिवसात आरामात होतो. ऊस, देऊळ, अकलूजचा चहा, सगळं लक्षात राहण्यासारखं आहे. माझ्या लक्षात राहिला तो "बिगारी" हा शब्द, तिनं जराही न अडखळता उच्चारलेला. तो तिला मीच दिला होता. लाज वाटली, सरळ सांगतो. रविवारी मेहुणा जेवायला आला आणि दुकानात नवा पंखा बसवल्याचं दोनदा बोलला. मी त्याला आणखी भाजी वाढली.

सोमवारी सकाळी सातला फोन लावला. रोज मी फोन केला की ती "हां मालक" म्हणते. आज बराच वेळ रिंग वाजली. मग घसा साफ केल्याचा आवाज आला.

"हॅलो. मिस्त्री बोलायलीय. कोन पायजे?"