कुत्र्याचा उपास आणि देवाची भूक

तुमच्या कुत्र्याचं जेवणावरचं मन उडालं आहे आणि त्याला कुणा तज्ज्ञाकडे नेलं होतं, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. तज्ज्ञानं कुत्र्याला काय विचारलं आणि कुत्र्यानं काय उत्तर दिलं, ते मात्र सांगितलं नाही. आमच्याही घरात एकदा कुत्र्यानं अन्न सोडलं होतं. त्यावर इलाज करायला एक इंग्रज कर्नल, गुरांचे डॉक्टर आणि शेवटी प्रत्यक्ष देव, इतके सगळे लागले. ती हकीकत क्रमानं सांगते. आमचं कुंभकोणमचं मराठी ऐकून तुम्हाला हसू येतं, म्हणून पुस्तकातल्या मराठीत लिहिते आहे.

पन्नास सालानंतरची एकदोन वर्षं. तांदळाची टंचाई होती. कावेरीच्या दोन्ही तीरांना नजर पोचेल तिथवर भाताची शेतं, आणि टंचाई तांदळाची. आमची स्वतःची थोडी शेती तिरुविडैमरुदूरला होती, त्यामुळे कोठीत तांदूळ होता. पण गावातल्या प्रतिष्ठितांनी एक अन्नबचत समिती काढली, आणि माझे सासरे तिच्या पहिल्याच सभेला गेले.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणत असे. ते कोर्टात शिरस्तेदार होते, नुकतेच निवृत्त झाले होते. दुसऱ्यानं लिहिलेला कागद दुरुस्त केल्याशिवाय त्यांनी जन्मात हातावेगळा केला नव्हता. सभेत सगळ्यांसाठी प्रतिज्ञेचा एक मसुदा आला. तो मामंजींना ढिला वाटला. त्यांनी तिथेच बसून नवा लिहिला: ‘देशातील टंचाई संपेपर्यंत या घरातील कोणताही जीव तांदळाचे अन्न ग्रहण करणार नाही.’ खरं तर ‘माणूस’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण जिथे रुंद शब्द बसतो तिथे अरुंद शब्द वापरणं कोर्टातल्या माणसाला कमीपणाचं वाटतं. टाळ्या पडल्या. कागद आमच्या ओट्यावरच्या भिंतीला लागला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

तांदळाऐवजी खायचं काय, तर अमेरिकेतून बोटीनं आलेली तांबडी ज्वारी. तिला मायलो म्हणत. सरकारी दुकानात ती हवी तेवढी मिळे, कारण ती कुणाला नको असे.

“आपले पूर्वज घोड्यावर बसून हीच भाकर खात इथपर्यंत आले,” मामंजी म्हणाले.

“म्हणून तर इथं येऊन उतरले,” सासूबाई म्हणाल्या.

अडचण अशी की आमच्या घरात भाकरी कुणाला येत नव्हती. तीनशे वर्षांत भाषा टिकली, कुळधर्म टिकले, आडनाव टिकलं, भाकरी तेवढी भाताच्या खाचरात बुडून गेली. सासूबाईंनी पीठ मळलं, तेलाच्या हातानं केळीच्या पानावर थापलं, आणि ते पान सोडेना तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मी इंटरमीजिएट पास झालेली होते, मला येईल असा त्यांचा समज. मी आकृती तेवढी गोल करून दिली. शेवटी तव्यावरून जे उतरलं ते दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून मध्ये ठेवायला चांगलं होतं.

मामंजींनी पहिला तुकडा तोडला. बराच वेळ चावला. “पौष्टिक आहे,” म्हणाले.

आमच्या घरात ‘पौष्टिक’ हा शब्द त्यानंतर कुणी कौतुकानं वापरलेला मला आठवत नाही.

आता कुत्र्याकडे येते. ते रस्त्यावरचंच, पांढरं, एक कान तांबूस. मामंजींच्या मागोमाग कोर्टातून घरी आलं आणि राहिलं. मामंजींनी आपल्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवलेला मी पाहिला नाही, पण जेवताना शेवटचा दहीभाताचा घास पानाच्या कोपऱ्यात राखून ठेवत, उठून स्वतः परसात नेत, आणि विहिरीजवळ त्या कुत्र्याला घालत. ‘ऑर्डर’ म्हटलं की ते बसे. आम्हा कुणाशी ते बोलत नसत ते त्याच्याशी बोलत. दुसऱ्याच्या दारी तोंड घालायचं नाही, असंही त्यांनी त्याला शिकवलं होतं. ही शिकवण पुढे महागात पडली.

प्रतिज्ञेच्या दिवशी मामंजींनी भाकरीचा शेवटचा तुकडा ताकात कालवून विहिरीपाशी नेला. कुत्र्यानं वास घेतला. चुकीच्या कचेरीत आलेल्या कागदाकडे पाहावं तसं त्याकडे पाहिलं. मग तो तुकडा हलकेच तोंडात धरून लिंबाच्या झाडाखाली नेला, खड्डा उकरला आणि पुरला.

“उद्यासाठी ठेवतंय,” मामंजी म्हणाले. “काटकसरी आहे.”

पुढे त्यानं पुरणंही सोडून दिलं. पान तसंच राही, त्याला मुंग्याही लागत नसत.

घरातली माणसं मात्र ठीक होती. तुमचे आजोबा कॉलेजात गणित शिकवत. ते येताना वाटेतल्या कापी क्लबात, म्हणजे कॉफीच्या हॉटेलात, थांबत, अंगाला तुपातल्या दोशाचा वास घेऊन घरी येत आणि पाव भाकरीतच “पोट भरलं” म्हणत. सासूबाई मठात पुराणाला जात, आणि ज्या दिवशी पुराणानंतर पुळिओदरै, म्हणजे चिंचेचा भात, वाटत, त्या दिवशी त्यांचं पुराणातलं लक्ष वाढे. शेजारच्या मामींच्या मुलीला मी दुपारी इंग्रजी शिकवायला जाई, आणि दहीभात खाल्ल्याशिवाय निघायचं नाही असा मामींचा नियम होता. मी नियम मोडणाऱ्यांतली नाही. थोडक्यात, घरात कुणी उपाशी नव्हतं. कुत्र्याला तेवढी कुठे शिकवणी नव्हती.

ते वाळू लागलं. बरगड्या दिसू लागल्या. एके दिवशी मामींनी भिंतीवरून विचारलं, “तुमच्या घरचं जेवण कुत्रंसुद्धा खात नाही म्हणे?” मामी तमिळमध्ये बोलल्या, पण सासूबाईंना ते मराठीच ऐकू आलं.

“आपल्यात म्हणत नाहीत का, अगे,” त्या घरात येऊन मला म्हणाल्या, “कुत्रं हाल खाणार नाही म्हणून. ती म्हण आता आपल्या परसात येऊन बसली.”

मी माझ्या परीनं शास्त्रीय मार्ग काढला. वडिलांनी दिलेल्या पुस्तकांत कुत्र्यांच्या निगेवरचं एक होतं, कुणा निवृत्त इंग्रज कर्नलनं लिहिलेलं. कर्नलचं म्हणणं, लाड करू नका, ताट ठराविक वेळ पुढे ठेवा, न खाल्लं तर उचला, भूक लागली की खाईल. मी घड्याळ लावून ताट ठेवलं, घड्याळ लावून उचललं. कुत्रं माझ्याकडे न पाहता घड्याळाकडे पाही. पुढच्या पानावर कर्नलनं मटणाचा रस्सा आणि उकडलेली कलेजी सुचवली होती. आमच्या घरात कांद्यालासुद्धा मागच्या दारानं यावं लागे, तेव्हा कर्नलला मी परत फळीवर ठेवलं.

मग तुमचे आजोबा गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना घेऊन आले. त्यांचा हात बैलांवर बसलेला. त्यांनी कुत्र्याच्या पोटावर थाप मारली, तोंड उघडून दात पाहिले आणि विचारलं, “रवंथ करतो का?”

“कुत्रा आहे,” मामंजी म्हणाले.

“ते दिसतंय. सवयीनं विचारलं.” डॉक्टर हात धुऊ लागले. “आजार काही नाही. मऊ भात, ताक घालून. जाईल पोटात.”

“भात सोडून काही?”

“भात सोडून?” डॉक्टरांनी ओला हात तसाच धरला. “कुंभकोणमात?”

मामंजींनी त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. डॉक्टरांनी तो सावकाश वाचला. “यात जीव असं लिहिलंय,” ते म्हणाले. “मग याचा जीव गेल्यावर भात चालेल.” आणि सायकलवर बसून गेले.

त्या संध्याकाळी मामंजी ओट्यावर बसून होते. पायाशी कुत्रं. ‘ऑर्डर’ म्हणायची गरज उरली नव्हती, ते उठतच नव्हतं.

“अण्णा,” तुमचे आजोबा म्हणाले, “कुत्रं हे जीव या शब्दात येतं की नाही, याबद्दल वाद घालता येईल.”

“तुझ्याबद्दलही घालता येईल.”

“एक शब्द बदलला तर काय होईल?”

“चाळीस वर्षं लोकांनी शोधलेल्या पळवाटा मी बुजवल्या. आता माझ्या भिंतीवरचा कागद मी खोडू? गाव काय म्हणेल?” थोड्या वेळानं ते म्हणाले, “हे मेलं तर गाव काही म्हणणार नाही. तेच वाईट.”

सासूबाई आत वाती वळत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं असावं, कारण दुसऱ्या दिवसापासून देवाची भूक वाढली.

इथे थोडं मागे जायला हवं. प्रतिज्ञा झाली तरी देवाला रोज चांदीच्या छोट्या वाटीत भाताचा नैवेद्य होतच होता. मामंजींनी पहिल्याच दिवशी हटकलं होतं.

“हा भात कसा?”

“देवाचा आहे.”

“प्रतिज्ञेत...”

“प्रतिज्ञेत जीव म्हटलंय. देव जीव नव्हे. जीव वेगळा, देव वेगळा, हे तर आपल्या द्वैत मताचं पहिलं वाक्य. तुम्हीच लग्नात माझ्या भावाशी यावरून भांडला होता.”

वाटीतला प्रसाद सकाळी दूध घालायला येणाऱ्या बाईच्या गाईला जाई. गाय आमच्या घरातली नव्हती, त्यामुळे कलमात बसत नव्हती.

तर आता त्या चांदीच्या वाटीचा वाडगा झाला. वाडग्याचं पातेलं झालं. पूजा आटोपून मामंजी उठताना त्यांची नजर पातेल्यावर गेली.

“देव हल्ली बरंच जेवतात.”

“टंचाईचे दिवस,” सासूबाई म्हणाल्या. “काळजीनं भूक वाढते.”

“आणि उरलेलं अन्न?”

“अन्न कुठलं? प्रसाद आहे. प्रसादाला अन्न म्हणू नये, पाप लागतं. तुमच्या कागदात अन्न म्हटलंय.”

शिरस्तेदारांच्या मसुद्यात दोन भोकं निघाली होती आणि दोन्ही स्वयंपाकघरातून. त्यांनी पंचा खांद्यावर टाकून वर्तमानपत्र घेतलं आणि विहिरीकडे पाठ करून बसले. सासूबाईंनी पानावर प्रसाद वाढून कुत्र्यापुढे ठेवला. कुत्रं पहिल्यांदा नुसतं बघत राहिलं. मग जिभेचं टोक लावलं. मग चाटण्याचा आवाज येऊ लागला. तो थांबेपर्यंत मामंजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही.

कुत्रं सुधारलं. देवही सुधारला. त्याला आधी नुसता दहीभात चाले, मग त्यात आलं आणि कढीलिंब लागू लागला, मग मोहरीची फोडणी. एकदा त्यानं लिंबूभात मागितला. प्रसाद नाकारता येत नाही, त्यामुळे आम्हीही तो दोन-दोनदा वाढून घेऊ लागलो. तुमच्या आजोबांचं कापी क्लबातलं जाणं कमी झालं. मामंजी तेवढे तीर्थ घेत, प्रसादाच्या पातेल्याला नमस्कार करत आणि भाकरीकडे वळत. त्या घरात मायलो खरोखर खाणारा माणूस हा एकच होता, आणि त्याबद्दल आम्ही त्यांचा फार आदर करत होतो, लिंबूभात खाता खाता.

मग समितीचे सभासद आले. आदर्श घर पाहायला आणि आमच्याकडे मायलोचं जेवण जेवायला. चौघे होते, चौघांच्याही अंगावर टंचाईची खूण नव्हती. ओट्यावर त्यांनी प्रतिज्ञा वाचली, मान डोलावली. पानं मांडली. सासूबाईंनी भाकऱ्या वाढल्या. सभासदांनी भाकरीकडे पाहिलं. एकानं बोटानं दाबून पाहिली.

“आधी प्रसाद घ्या,” सासूबाई म्हणाल्या.

प्रसाद आला. त्यांनी तो भक्तीनं घेतला. पुन्हा घेतला. “देवाच्या घरचं नको म्हणू नये,” असं म्हणत तिसऱ्यांदा पान पुढे केलं. सासूबाईंनी पातेलं तिरपं केलं, पळी खरवडली. मग सर्वांत वडील सभासद उभे राहिले आणि न मोडलेल्या भाकरीसमोर हात जोडून त्यांनी मायलोवर भाषण केलं. असं सात्त्विक, रुचकर जेवण कित्येक दिवसांत झालं नव्हतं, असं म्हणाले. ते खरंच होतं. विड्यासाठी आणलेली कोवळी पानं संपवून मंडळी गेली.

मामंजी त्यांना फाटकापर्यंत पोचवून परत आले आणि सवयीनं परसात गेले. विहिरीपाशी कुत्रं आपल्या जागी बसलं होतं. पुढे धुतलेलं केळीचं पान, कोरं. त्यानं मामंजींकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. आम्ही ‘ऑर्डर’ म्हटलेलं नव्हतं, तरी ते नीट बसलं होतं.

मामंजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आले. आत रिकामं पातेलं उपडं पडलं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले, इतका वेळ की मी भांडी घासणं थांबवलं.

“चौघं सगळा खाऊन गेले?”

“प्रसाद होता,” सासूबाई म्हणाल्या. “नाही कसं म्हणायचं?”

मामंजींनी घसा साफ केला. कोर्टात निकाल वाचण्याआधी करत असावेत तसा.

“देवाला विचारून बघ,” ते म्हणाले. “आज भूक पुन्हा लागली असेल.”

सासूबाईंनी कोठीतून तांदूळ काढला. या वेळी देवानं फोडणी मागितली नाही, नुसतं दही मागितलं, आणि घंटा वाजली न वाजली तोच नैवेद्य झाला. सासूबाईंनी वाडगा उचलला तर मामंजींनी हात पुढे केला. पूर्वीसारखं ते स्वतः विहिरीपाशी गेले, उकिडवे बसले, हातानं दहीभात पानावर घातला. कुत्रं खात होतं आणि ते त्याच्याशी खालच्या आवाजात काहीतरी बोलत होते, इंग्रजीत.

पान संपलं. मामंजी उठले. उजव्या हाताला दहीभात लागलेला होता, बोटांच्या बेचक्यांत चार शितं. तसाच हात धरून ते विहिरीच्या पलीकडे, रहाटापाशी गेले. आम्ही दोघी दारात उभ्या. रहाट वाजेल म्हणून मी ऐकत होते. तो वाजला नाही. मामंजी आमच्याकडे पाठ करून उभे होते आणि त्यांचा उजवा हात खाली नव्हता, तोंडापर्यंत गेलेला होता.

मी सासूबाईंकडे पाहिलं.

“प्रसादाचा हात धुवायचा नसतो,” त्या म्हणाल्या, आणि मला आत ढकललं.