न तापणारा ॲम्प्लिफायर

होळीनंतर आमच्या जुन्या ॲम्प्लिफायरमधून घूं असा आवाज यायला लागला आणि नवऱ्याने तो दुरुस्तीला नागपूरला पाठवला. मला वाईट वाटलं नाही. तो लोखंडी पेटारा एकदा चालू झाला की थोड्याच वेळात त्याच्यावर हात ठेववत नसे. हिवाळ्यात मांजर त्याच्या शेजारी झोपायचं. उन्हाळ्यात आम्ही झोपायचो, कारण पिपरी मेघेतल्या आमच्या घरात कूलर एकच आहे आणि तो समोरच्या खोलीत आहे.

आमचं पाइप आणि मोटारींचं दुकान. उन्हाळ्यात दुपारी बंद करतो, ऊन उतरल्यावर पुन्हा उघडतो. मधल्या वेळात मला झोप हवी असते आणि नवऱ्याला गाणं. गाणं ऐकायचं तर तो कूलर बंद करतो. कूलरच्या घरघरीत तबल्याचा डग्गा ऐकू येत नाही म्हणे. म्हणजे कूलर बंद आणि वर पेटारा तापलेला. मी कपाळावर ओलं फडकं ठेवून पडून राहायची. माझे कित्येक मे महिने असेच गेले. संध्याकाळी गिऱ्हाईक मागायचं एक आणि मी द्यायची दुसरंच. झोप न झालेल्या माणसाला एक इंची आणि सव्वा इंची एल्बो सारखाच दिसतो.

पेटारा नागपुरात असताना नवऱ्याचा हिंगणीचा मित्र आला. तो भाजीपाला पिकवतो आणि यांच्यासारखाच गाण्यातला वेडा आहे. टमाट्याच्या क्रेटमध्ये टॉवेलात गुंडाळून त्याने एक लहानसा ॲम्प्लिफायर आणला होता. वापरून पाहा म्हणाला.

“वहिनी, हा तापतच नाई. दिवसभर वाजवा अन् मंग याच्यावर लोणी ठेवून पाहा.”

“लोणी राहू द्या फ्रिजमध्ये,” मी म्हटलं. “मले झोपू देईन का, तेवढं सांगा.”

नवरा त्या खोक्याकडे संशयाने बघत होता. “डब्यासारखा दिसून राह्यला हा. वजनच नाई.”

“गाणं काय वजनावर घेतं का बे?” मित्र म्हणाला.

मग त्याने समजावलं. जुनं यंत्र गाणं नसतानाही भरपूर वीज ओढत बसतं आणि तिची उष्णता खोलीत सोडतं. हे नवं लागेल तेवढीच वीज घेतं. पाणी आटलेल्या बोअरवर उगाच चालत राहणारी मोटार कशी तापते हे मला माहीत आहे, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

आणि तसंच झालं. कूलर बंद केल्यावरही खोली बराच वेळ थंड राहिली. मी मोकळ्या फरशीवर आडवी झाले आणि चक्क झोपले. उठले तेव्हा नवरा तोंड पाडून बसला होता.

“काय झालं?”

“बाई गाऊन नाई राह्यली, ताटल्या घासून राह्यली. चरचर चरचर.”

तो खोका परत गेला. मित्राने दुसरा आणला, जरा मोठा, पण तितकाच थंड. पुन्हा तीच तक्रार. “थंड यंत्राचं गाणंही थंडच,” नवरा म्हणाला. तेवढ्यात नागपूरहून निरोप आला की पेटारा तयार आहे. रविवारी हा परत द्यायचा आणि तो आणायचा असं त्याने ठरवलं. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

शनिवारी मी गाद्या उन्हात टाकल्या होत्या. दर मे महिन्यात टाकते. कापसाच्या जिल्ह्यात घरोघरी माणसांपेक्षा गाद्या जास्त, आणि त्यांना ऊन दाखवलं नाही तर पावसाळ्यात वास मारतात. दुपार कलताना धुळीचं वादळ उठलं. मी धावत गच्चीवर गेले आणि एकेक गादी खाली आणून समोरच्या खोलीत भिंतीशी टाकू लागले. नवरा तिथेच शेवटचं म्हणून त्याच बाईचं गाणं लावून बसला होता. मदतीला उठायचं त्याच्या मनातही आलं नाही. शेवटची गादी टाकून मी दम खात उभी राहिले.

“थांब वं,” तो एकदम म्हणाला. “हालू नको.”

“काऊन?”

“खुलला हा! थोडे दिवस वाजवला की यंत्र खुलते म्हणतात, ते खरं आहे.”

मी ऐकलं. आवाज खरंच निवळला होता. पण यंत्र कालच्यासारखंच होतं, बदलली होती ती खोली. उघड्या फरशी-भिंतींवर आवाज आदळून टोचतो, कापूस तो पिऊन घेतो. होळी झाली की मी सतरंज्या, जाड पडदे, दिवाणाच्या गाद्या सगळं काढून टाकते. झाडायला सोपं आणि झोपायला थंड. दर उन्हाळ्यात नवरा कुरकुरायचा की व्होल्टेज खराब आहे, गाणं टोचतं. जुना पेटारा त्याने वर्षातले आठ महिने भरल्या खोलीत ऐकलेला, आणि नव्यांची परीक्षा चालली होती उघड्या फरशीवर.

“अजी, यंत्र नाई खुललं. खोली भरली.”

“काईही नको बोलू. गाद्या काय गातेत का?”

एकेक गादी ओढत मागच्या खोलीत नेली. त्याच्या कपाळावर आठी आली. पुन्हा आणून टाकल्या. आठी गेली. त्याने यंत्र बंद केलं आणि गाद्यांकडे बघत राहिला.

“मंग मी इतकी वर्षं व्होल्टेजले शिव्या देऊन राह्यलतो?”

“हो.”

“सतरंज्या टाक मंग उद्यापासून.”

“फरशीवर मी झोपते. फरशीवर काई येणार नाई.”

शेवटी गाद्या स्पीकरच्या समोरच्या भिंतीशी उभ्या केल्या आणि वर चादर टाकली. शेजारणी विचारतात, लग्न निघालं का घरात. नवा ॲम्प्लिफायर राहिला. पेटारा आणायला अजून कोणी गेलेलं नाही.

म्हणजे मला जे हवं होतं ते मिळालं. कूलर बंद, तरी खोली थंड, फरशी मोकळी. पण त्या दिवसापासून नवऱ्याचा माझ्या कानांवर विश्वास बसला आहे. माझा डोळा लागतो न लागतो तोच हाक येते.

“अवं, झोपली का? मधली गादी थोडी सरकवली. फरक वाटून राह्यला का?”

मी डोळे न उघडता हो म्हणते.

“कोणता?” असं विचारून तो उत्तर नीट ऐकू यावं म्हणून गाणं बंद करतो. गाणं चालू राहिलं असतं तर मी झोपले असते. ते थांबलं की मी पूर्ण जागी होते.