गोल कापलेले कोपरे

आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांना सगळे पाठीमागे 'अर्धा इंच' म्हणत. माप घेऊन झालं की त्यांचा एकच प्रश्न असे, "अर्धा इंच माया ठेवू का? पुढे लागेल." म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड सोडायचं, माणूस सुटला की शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. तरुणपणी मला या प्रश्नाचा राग यायचा. मी सुटणार की नाही हे ठरवणारे हे कोण? सुटले, ती गोष्ट वेगळी.

दुकान जिन्याखाली होतं. शिवणयंत्र, एक बाक, कड उडालेला आरसा आणि मापाची जाडजूड वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. जुनं माप काका खोडत नसत, त्याखाली तारीख घालून नवं लिहीत. त्यामुळे कोणाचं पोट कधी सुटलं आणि कोणाचे खांदे कधी उतरले, सगळं वहीत दिसे. गिऱ्हाईक वारलं की त्याच्या पानाचा वरचा कोपरा कापायचा, अशी त्यांची पद्धत. त्यांचा स्वतःचा हात धजत नसे, म्हणून ते काम त्यांच्या मुलीकडे. ती बाकावर बसून काजं करायची. कोपराही ती काजाच्या टोकासारखा गोल कापायची आणि कपटा बटणांच्या डब्यात टाकायची. शाळेच्या गणवेशात बसून असं करताना मी तिला पाहिलंय. बघून कसंसंच व्हायचं, पण लिहिणाऱ्या माणसाला कसंसं झालं की बरंच वाटतं.

एकोणिसाव्या वर्षी ती घर सोडून गेली. आई आधीच नव्हती. कारण गल्लीत ज्याने त्याने आपापलं सांगितलं, काका कधीच बोलले नाहीत. दुकानाची एक किल्ली तिच्याकडेच राहिली.

वर्षाच्या आत मी तिच्यावर कादंबरी लिहिली. तिच्याशी मी उभ्या जन्मात दोन वाक्यं बोलले असेन. बाप, दुकान, वही, सगळं जसंच्या तसं उचललं. एकच गोष्ट पदरची घातली: मुलीचा डावा खांदा अर्धा इंच उतरलेला आहे आणि बाप कोणाला न सांगता तिच्या कपड्यात तिथे पट्टी घालतो. शेवटच्या पानावर ती बसमध्ये चढते. पुस्तक गाजलं. एक प्रत काकांना नेऊन दिली, ती त्यांनी मशीनच्या खणात ठेवली आणि विचारलं, "बाही किती ठेवू?"

बारा वर्षं गेली. पुढे काय झालं म्हणून वाचक विचारत राहिले, प्रकाशक तर हात धुऊन मागे लागले. शेवटी दुसरा भाग लिहायला घेतला आणि एका मंगळवारी, पहिल्याच प्रकरणात, मुलीला मारून टाकलं. परगावाहून पत्र येतं, तेवढंच. मेलेलं पात्र लिहिणाऱ्याला त्रास देत नाही, आणि बापाचं दुःख रंगवायला मोकळं रान मिळतं. प्रकरण झकास उतरलं. अजून कोणालाही दाखवलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी काकांना एकदा नीट बघून घ्यावं म्हणून एक कुर्ता घेऊन दुकानात गेले.

"दुसरा भाग लिहिताय," ते म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

"तुम्ही परत तशा बघायला लागलात. मागच्या वेळी पण कुर्ताच आणला होतात, बाई."

मी ओशाळले. त्यांनी वही काढून मुलीचं पान माझ्यासमोर धरलं. वरच्या ओळीत, माझ्या पुस्तकाच्या दोन वर्षं आधीची तारीख घालून, लिहिलं होतं: डावा खांदा अर्धा इंच कमी.

"हे मी कोणाला बोललो नव्हतो. तिला स्वतःलाही माहीत नव्हतं. तुमच्या पुस्तकात वाचलं तेव्हा वाटलं, ही तुम्हाला भेटत असणार."

मी मनचं लिहिलं होतं, पण ते न सांगता वहीवर वाकले.

पानावर खाली आणखी बारा ओळी होत्या, दर वर्षी तिच्या वाढदिवसाची एक. "तुमचं शेवटचं पान वाचतो. मग माप सुचतं," काका म्हणाले आणि त्यांनी मागचा पडदा सारला. बारा हँगरवर बारा कुर्ते. सगळे सरळ लोंबत होते. फक्त शेवटच्याचा डावा खांदा घसरून खाली आला होता. काकांनी तो नीट बसवला. आम्ही दोघं बघत असतानाच तो पुन्हा हळूहळू घसरला. दुकानात पंखासुद्धा चालू नव्हता.

"मंगळवारपासून असं चाललंय," ते म्हणाले. "पिन लावून पाहिली, तरी राहत नाही." मग त्यांनी खणातून कात्री काढून वहीवर ठेवली. "ती गेल्यापासून एकही कोपरा कापलेला नाही. माणसं गेली, पानं तशीच आहेत. पण हा कापायचा का, तेवढं सांगा. तुम्हाला माहीत असेल."

मी कात्री बाजूला सारली. "नका कापू," एवढंच कसंबसं म्हटलं.

घरी येऊन प्रकरण फाडलं. खोटं कशाला बोलू, फाडताना जीव हळहळला. त्याच्या जागी एक पान लिहिलं: मुलगी जिवंत आहे, कुठल्याशा खोलीत खिडकीशी बसून काजं करते आहे. दुसऱ्या दिवशी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांनी कुर्ता हँगरला लावला आणि हात काढून घेतला. तो राहिला. "बसला," ते म्हणाले आणि कापडाच्या तुकड्याला डोळे पुसत बराच वेळ उभे राहिले.

मग दर महिन्याला मी एक पान लिहून नेऊ लागले. काका हात मांडीवर ठेवून ऐकत, आणि शेवटी दरवेळी म्हणत, "आता आणा ना तिला घरी."

"घाई केली तर खोटं वाटेल हो, काका."

"वाटू दे की!"

पण मला ते चालणार नव्हतं. दार, बाप, लेक, हा प्रसंग हवा तसा साधत नव्हता. आठ वेळा लिहिला, आठ वेळा चुरगाळला. असं करत चार वर्षं मी तिला खिडकीशी बसवून ठेवलं.

काका भर दुपारी मशीनवरच गेले. त्यांच्या मेहुण्याने सगळं आवरून दुकानाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लिहायला बसले आणि एका बैठकीत सगळं उतरलं: ती येते, आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप उघडते, आत कोणी नसतं. तीन पानं झाली. एक शब्द खोडावा लागला नाही.

आठवड्याने मेहुण्यांचा निरोप आला. वही मला द्यायची, असं काका सांगून ठेवून गेले होते. "कुलूप मीच लावलंय, मीच उघडतोय," ते दार ढकलत म्हणाले. "मधे कोणी आलं नाही."

पडद्यामागे आता सोळा हँगर होते. शेवटचा रिकामा होता.

मी बाकावर बसून वही उघडली. दूधवाल्याच्या पानाचा कोपरा कापलेला. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा, माझ्या थोरल्या भावाचा. सोळा वर्षांत गल्लीतलं जे जे माणूस गेलं, त्या प्रत्येकाचा, एकही न चुकता, गोल कापलेला. सगळ्यात शेवटी काकांचा. बटणांचा डबा उघडला तर वर पांढऱ्या कपट्यांचा थर होता.

तिच्या पानाचा कोपरा शाबूत होता.

"काय झालं, ताई? पाणी आणू का?" मेहुणे विचारत होते. मी वही मिटली. मी लिहिलं आणि ती आली होती. ते आधीचे आठ कागद चुरगाळले नसते, त्यातला एक, कितीही वाईट असला तरी, तसाच राहू दिला असता, तर दार उघडायला काका घरात होते.