पोरांनी केलेला पुराचा प्लॅन

ग्रामसेविकेच्या दप्तरात ठराव साठतात, दाखले साठतात. पण बालसभा सुरू झाल्यापासून माझ्याकडं भलतंच काय काय साठतंय. ते कुठल्या रजिस्टरात चढवायचं, कळत नाही!

कोडोलीच्या अलीकडं, नदीकाठचं आमचं गाव. पाऊस बदलला, पूर वाढले, म्हणून गावाचा हवामान आराखडा करायचा होता. 'मुलांनाही विचारा' असं वरून आलं. मी मनात म्हटलं, मागतील घसरगुंडी!

*

पहिल्याच सभेत सहावीतली समीक्षा उठली. "मॅडम, पूर आला की समद्यास्नी शाळंत ठेवताय. मग आमची शाळा कुठं भरायची?"

दर पुरात शाळा बंद पडायची, आणि हा प्रश्न आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणाला पडलाच नव्हता!

*

इंजिनिअरसाहेब नकाशा घेऊन आले. समाजमंदिरावर हिरवा रंग. "ही सुरक्षित जागा!"

दुसरीतल्या ओंकारनं त्यावर बोट ठेवलं. "साहेब, गेल्या पुरात हितं आमची म्हस पवत हुती की!"

साहेबांनी पेन काढलं, हिरव्यावर लाल फुली मारली आणि ओंकारजवळ उकिडवे बसले. "आणखी कुठं कुठं पोहत होती रे?"

*

ग्रामसभेत पोरं आराखडा वाचायला उभी राहिली, तर गावातले वजनदार आप्पा मागून गरजले, "ज्यास्नी मत न्हाय, त्यास्नी बोलायचा हक्क कसला?"

समीक्षा म्हणाली, "आप्पा, मत अठरा झाल्यावर मिळतंय. पूर तवर थांबंल व्हय?"

आराखड्याच्या बाजूनं पहिला हात आप्पांनीच वर केला. मंजूर!

*

पुरात आधी कुणाला हलवायचं, ती यादीही पोरांनीच घरोघर फिरून केली. एकट्या राहणाऱ्या तानूबाईंच्या नावापुढं आमचा जुना शेरा होता, 'सहकार्य करत नाही'. पोरांनी तो खोडून लिहिलं, 'सांगायचं नाही. जवळ बसायचं.'

यंदा पाणी चढलं. ट्रॅक्टर दारात. सरपंच विनवून थकले, "आत्ती, चला की!" पोलीस पाटील ओरडले. तानूबाई उंबऱ्यावर ढिम्म! "हलणार न्हाय!" पाणी गोठ्याला लागलेलं.

मला यादीतला पोरांचा शेरा आठवला. छत्री मिटली आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले. बोलले काहीच नाही. सरपंचही येऊन टेकले.

मग तानूबाई माझ्या भिजलेल्या पदराकडं बघत म्हणाल्या,

"भाकरी तेवढ्या बांधून घेते गं. थांब."