लंकेमार्गे डब्लिन

माजलगावच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. दुपारी तीननंतर ग्रंथालयात फारसं कुणी फिरकत नाही. त्या वेळात मी विमानांची स्वस्त भाडी शोधत बसतो. कुठल्या शहरातून निघालं की बिझनेस क्लासचं तिकीट निम्म्यात पडतं, कुठल्या महिन्यात कुठली कंपनी भाव पाडते, हे मला तोंडपाठ होतं. स्वतः मात्र मी परदेशी जाणाऱ्या विमानात कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. बायको म्हणायची, "लोक पत्ते खेळतात, तुमचं हे."

मग पुतणीचं पत्र आलं. डब्लिनमध्ये तिचं दोन वर्षांचं शिक्षण संपलं होतं आणि पदवीदान होतं. वहिनी दोन महिने आधीच लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या, साध्या तिकिटावर, कसलाही गाजावाजा न करता. प्रश्न होता दादांचा.

दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. तलवाड्याच्या बाजूला आमची शेती आहे, ती त्यांनीच सांभाळली आणि पंचवीस वर्षं राजकारणही केलं. माझं शिक्षण त्यांनी केलं. नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली असं सगळे म्हणतात. मी मुलाखतीत चांगली उत्तरं दिली होती, पण ते सांगायला गेलो की लोक हसतात, म्हणून मी सांगायचं सोडलं. आडवळणाच्या रस्त्यांवर जीपमधून फिरून फिरून दादांच्या मणक्याची चकती सरकली होती. दोन तासांच्या वर सलग बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यात त्या वर्षी ते बाजार समितीच्या निवडणुकीत पडले. एरवी सकाळी सहापासून खणखणणारा त्यांचा फोन गप्प झाला. ते अंगणात येरझारा घालायचे, दर पाच मिनिटांनी फोन खिशातून काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. मी एकदा विचारलं, "कुणाची वाट बघताय?" तर म्हणाले, "वेळ बघतूय." हातात घड्याळ होतं त्यांच्या.

आडवं होता येईल अशी सीट हवी, म्हणजे बिझनेस क्लासच. आणि ते माझं क्षेत्र होतं. आयुष्यात पहिल्यांदा दादांना माझी गरज पडली होती. आठवडाभर खपून मी आम्हा दोघांचं तिकीट शोधलं: मुंबईहून कोलंबो, कोलंबोहून आखातातलं एक शहर, तिथून इस्तंबूल, तिथून डब्लिन. नेहमीच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्शात, कोलंबोपासून पुढे सगळीकडे झोपायची सोय.

दादांनी नकाशा बघितला. "डब्लिन हिकडं हाय," त्यांनी डावीकडे वर बोट ठेवलं. "मग तू मला लंकेला कावून नेतूस?"

"तिथून निघालं की स्वस्त पडतं."

"म्हंजी मागं जायचं, मग पुढं जायचं."

"दादा, एकच लक्षात ठेवा. ह्यातला एक टप्पा जरी चुकला, तरी पुढचे सगळे रद्द होतात. मी सांगेन तेव्हा उठायचं, मी सांगेन तिकडं चालायचं."

त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "बरं," म्हणाले. "तू म्हनशील तसं."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मला ते गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

प्लास्टिकच्या फाइलमध्ये मी प्रत्येक टप्प्याचा वेगळा कागद लावला. फोनमध्ये अकरा गजर लावले. संभाजीनगरहून मुंबई आणि मुंबईहून कोलंबो हे दोन टप्पे नीट पार पडले. पाटीवर आमच्या विमानाची ओळ हिरवी दिसली तरी मी दोन मिनिटांनी परत जाऊन बघून यायचो.

कोलंबोहून पुढच्या विमानात खरा बिझनेस क्लास होता. दारातच हवाईसुंदरीनं दादांचं आडनाव घेऊन नमस्कार केला. दादा एकदम ताठ झाले, कित्येक महिन्यांनी कुणीतरी त्यांना तसं बोलावलं होतं. पण पुढच्या दहा मिनिटांतच ते बेजार झाले. प्रत्येक सीटला छातीएवढी भिंत, आत माणूस एकटा. मी शेजारच्या खोपट्यात होतो. भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं.

"हितं मानसाला मानूस दिसत न्हाई बे."

"दादा, आडवं व्हा. त्याच्यासाठीच घेतलंय."

ते आडवे झाले. मग उठले. मग बटण दाबलं. ती बाई आली, त्यांना काहीच नको होतं. त्यांनी तिला हिंदीत विचारलं, गाव कुठलं, घरी कोण कोण. तिला हिंदी येत नव्हती. ती हसून गेली. मग दादा उठून पडद्यामागे साध्या डब्यात गेले आणि पाऊण तास आलेच नाहीत. परत आले ते तिथल्या सात-आठ जणांची माहिती घेऊन. कोण केरळचा, कोणाला कोणत्या कंपनीत काम लागलंय. त्या सबंध टप्प्यात ते वीस मिनिटंही आडवे झाले नसतील. मी इतक्या कष्टानं मिळवलेली ती गादी रिकामी बघून मला राग येत होता, आणि तो राग आल्याची लाजही वाटत होती.

आखातातल्या विमानतळावर आम्ही दुपारी उतरलो. इस्तंबूलच्या विमानाला साडेतीन तास होते. पुढचं गणित बरोबर बसत होतं: रात्री डब्लिन, सकाळी दहा वाजता पदवीदान. बिझनेस क्लासवाल्यांच्या प्रतीक्षागृहात मऊ कोच होते, जेवणाची टेबलं मांडलेली होती. दादांनी फोन चालू केला, जोडणी मिळायची वाट बघितली आणि मग बघतच राहिले. एक निरोप आला होता, तोही फोन कंपनीचा.

"जरा पाय मोकळे करून येतो," ते म्हणाले.

"अर्ध्या तासात या."

"येतो की."

तास झाला. मी बाहेर पडलो. पाठीवर दोन्ही पिशव्या घेऊन ते चकचकीत मैलभर लांब विमानतळ मी पालथं घातलं. त्यांचा फोन लागत नव्हता. मी प्रार्थनेच्या खोलीत डोकावलो, शौचालयांत हाका मारल्या. आमच्या विमानाला पन्नास मिनिटं उरली असताना ते सापडले. विमान बदलणाऱ्या प्रवाशांसाठी चौकशीचं एक लांबलचक टेबल होतं, तिथं पांढऱ्या कपड्यांत, कमरेवर हात ठेवून ते उभे होते. शेजारी एक पन्नाशीची बाई, डोक्यावर ओढणी, हातात चुरगाळलेला कागद. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता.

"आला का," दादा म्हणाले, जणू मलाच उशीर झाला होता. "ही बाई निजामाबादकडली. कुनाच्या तरी घरी कामाला होती. हैदराबादचं विमान हिचं चुकलं. मग ह्यांनी दुसऱ्या विमानाचा कागद दिला, पन कुठं बसायचं ते सांगितलं न्हाई. चुकीच्या दाराशी बसून ऱ्हायली, तेबी विमान गेलं. कालपासून हितंच हाय. आता म्हनत्यात तूच आली न्हाईस, आमी काय करावं. तू बोल ह्यांच्याशी. मला इंग्रजी येत न्हाई, मी नुसता उभा हाय."

बाई माझ्याकडे वळली. "भाई, मेरेकु कुछ समझता नै. कागज देते, पढना नै आता."

तिचं ते बोलणं लहानपणी आमच्या गल्लीत ऐकलेल्या बोलण्यासारखंच होतं. तरीही मी दादांचा दंड धरला.

"दादा, चला. दार बंद होईल."

"हिचं झालं की निघू."

"तेवढा वेळ न्हाई! मी सांगितलं होतं ना, एक टप्पा चुकला की सगळं गेलं! उद्या सकाळी पोरीचं पदवीदान हाय!"

"मग बोल की लवकर. हितं भांडत बसलास तर आजून वेळ जाईल."

"ही तुमची तहसील कचेरी न्हाई, दादा!" माझा आवाज इतका चढला की टेबलामागच्या मुलीनं मान वर केली. "आयुष्यात एकदा, फक्त एकदा, माझं ऐका. तुमी म्हनला होता, तू म्हनशील तसं."

दादांनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी बोललो नव्हतो, कुणीच बोललं नव्हतं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हनलो होतो. तुझं खरं हाय. पन हिला टाकून मला जाता येत न्हाई. तू हो पुढं. मी मागून येतो."

मागून कसे येणार होते ते? त्यांना पाटीवरचं एक इंग्रजी अक्षर वाचता येत नव्हतं. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि टेबलामागच्या मुलीशी बोलू लागलो. माझं इंग्रजी पुस्तकी आहे, रागानं ते आणखी अडखळत होतं. तिनं साहेबाला बोलावलं, साहेबानं फोन लावले. मध्येच ध्वनिक्षेपकावर आमच्या दोघांची नावं पुकारली गेली, चमत्कारिक उच्चारात. मी ती ऐकली. दादांनीही ऐकली. दोघंही जागचे हललो नाही. आणखी वीस मिनिटांनी संध्याकाळच्या हैदराबादच्या विमानाचा पास त्या बाईच्या हातात पडला, आणि एका कर्मचाऱ्यानं तिला थेट दारापर्यंत नेऊन बसवलं. जाताना तिनं दादांच्या पायाला हात लावायला वाकू पाहिलं, दादांनी तिला वरच्यावर थांबवलं. ते हसत होते. निवडणुकीनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो. आणि त्या क्षणी मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

आमचं विमान गेलं होतं. त्याच टेबलावर आता आम्ही उभे राहिलो. साहेब भला होता. मघाचं सगळं त्याच्यासमोरच घडलं होतं. दंड भरून घेऊन त्यानं उरलेलं तिकीट जिवंत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या, थेट डब्लिनला जाणाऱ्या विमानात दोन जागा दिल्या. साध्या वर्गात, मधल्या रांगेत. विमान दुपारी बाराला पोहोचणार होतं.

पुतणीला फोन मी केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "काका, बाबा कुणाच्या तरी कामात अडकले का?"

"हो."

"मला वाटलंच," म्हणाली आणि ठेवला.

त्या आठ तासांच्या प्रवासात दादा निम्मा वेळ मागच्या मोकळ्या जागेत उभेच होते. पाठीच्या कळांनी त्यांचा चेहरा पिवळा पडला होता. कुणाशी बोलायला ते गेले नाहीत.

डब्लिनच्या विमानतळावर वहिनी आणि पुतणी दोघी आल्या होत्या. पुतणीनं पदवीदानाचीच साडी नेसली होती, वर जाड कोट. दादांनी त्या बाईची गोष्ट सांगायला सुरुवात केली. पुतणीनं मध्येच थांबवलं.

"बाबा, चौथीत माझं नाटक होतं, तेव्हा कुणाचा तरी सातबारा होता. दहावीला नंबर आला, सत्काराला तुम्ही नव्हता, कुणीतरी दवाखान्यात होतं. प्रत्येक वेळी समोरच्या माणसाची अडचण खरीच असते. मी कधी म्हटलं का, की खोटी होती? पण मी काय करू?"

वहिनींनी दादांच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "घरी चला आधी. पाठ शेकायला पाहिजे."

पुढचे दोन दिवस त्या दोन खोल्यांच्या घरात सगळे एकमेकांना चुकवत फिरत होते. दादा खिडकीपाशी जायचे, परत यायचे. मी पुतणीला सांगायचा प्रयत्न केला की त्यांच्याबरोबर मीही तिथं थांबलो होतो, दोष माझाही आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही चिडून थांबलात. ते आनंदानं थांबले. मला त्याचा त्रास होतो." मलाही त्याचाच त्रास झाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत, तिच्या नव्या कामावर निघाली तेव्हा दादा बूट घालून दारात उभे होते. "मी येऊ?"

"मला चार तास लागतील. तुम्हाला कॅन्टीनमध्ये बसावं लागेल. आत येता येत नाही."

"बसतो."

मी दुपारी त्यांना आणायला गेलो. कॅन्टीनमध्ये पोरांची गर्दी होती, आमच्याकडची दोन-तीन मराठी बोलणारी पोरंही शेजारच्याच टेबलावर होती. दादा त्यांच्याकडे वळलेसुद्धा नव्हते. प्रयोगशाळेच्या काचेच्या दाराकडे तोंड करून ते बसले होते, कमरेमागे घडी केलेला कोट, समोर चहाचा रिकामा कागदी कप. "दादा, दोन तासांच्या वर बसायचं नसतं," मी म्हणालो. ते म्हणाले, "ती मधून दोनदा बाहेर येऊन बघून गेली. मी हाय का ते." मी घरी चला म्हटलं नाही. शेजारी खुर्ची ओढून बसलो.

पुतणी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केळं होतं. तिनं ते सोलून त्यांना दिलं आणि प्रयोगशाळेत काय करते ते सांगू लागली. दादांना त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. पण त्यांनी प्रश्न विचारले, बरेच विचारले.

परतीचे सगळे टप्पे वेळेवर झाले. दादा झोपायच्या सीटवर झोपले, कोलंबोपर्यंत गाढ. भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. मी मात्र जागा होतो. टेबलापाशी मी बोललो नसतो तर काय झालं असतं, आम्ही धावत सुटलो असतो तर ती बाई आज कुठं असती, पोरगी कमी दुखावली असती का, हे डोक्यात फिरत राहिलं. शेवटी मी उठलो आणि अंधारलेल्या डब्यातून, झोपलेल्या माणसांच्या पायांमधून, मागेपुढे चालत राहिलो.