जंपच्या रेषा

रमा सेहेचाळीस वर्षांची, बिनलग्नाची. विचुंब्याला भावाच्या, महादेवच्या, घरात तिला मान होता तो एकाच कारणानं: दुकानातलं एम्ब्रॉयडरीचं मशीन तिच्याशिवाय कुणाला चालवता येत नव्हतं. मदतीला आलेल्या मुली चार-सहा महिन्यांत कंटाळून सोडून जात. त्यांना नीट शिकवलंच जात नाही, हे महादेवच्या कधी लक्षात आलं नाही. त्याची बायको वेणू मात्र म्हणायची, रमाच्या हाताखाली गवतपण उगवायचं नाय.

यंदा महादेवनं लेझर कटिंगचं मशीन घेतलं. हळदीच्या मांडवात नवरा-नवरीच्या नावांचे ॲक्रिलिकचे बोर्ड लावायची टूम निघाली होती, त्यात धंदा होता. नक्षी रमाचीच वापरायची होती. पण भरतकामाच्या फाइलमध्ये आकार नसतात, नुसते सुईचे टाके असतात. मोठी केली की नक्षी विरळ होते. लेझरला हव्या तेवढ्या ताणता येणाऱ्या रेषा लागतात, म्हणून एसव्हीजी फाइल करायची. वेणूनं जेवताना सांगून टाकलं की रमानं ते नव्या सुनेला, मनस्वीला, शिकवावं. मग भरतकामाचं मशीन विकू, आणि रमावन्सं आपटा गावी मावशींजवळ राहतील. मावशी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. महादेव माशाचा काटा काढत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून रमा शिकवायला बसली, आणि फार चांगलं शिकवलं. फाइल कशी उघडायची, टाक्यांच्या रेषा कशा करायच्या, जाडी किती ठेवायची, सगळं. मनस्वी हुशार होती, ग्राफिक्सचा कोर्स केलेली. आत्या, आत्या करत तिनं वहीत उतरवून घेतलं. एक गोष्ट तेवढी राहिली. एका फुलाचं भरून झालं की सुई टाका न घालता उडी मारून पुढच्या पानावर जाते. त्याला जंप म्हणतात. कापडावर तो मोकळा दोरा कात्रीनं कापून टाकतात. फाइल बदलली की त्या उडीचीही रेषा होते, ती निवडून पुसावी लागते. नाहीतर लेझर तिथंही कापतं.

"आत्या, झालं ना? एवढंच असतं?" मनस्वीनं विचारलं.

"एवढंच," रमा म्हणाली.

पहिला बोर्ड वेणूच्या भाच्याच्या हळदीचा होता, बेलपाड्याचा. प्रणित आणि अंकिता, दोन नावांमध्ये त्यांना जोडणारी फुलांची वेल. बोर्ड न्यायला वेणूच्या माहेरचे सातआठ जण संध्याकाळी दुकानात आले आणि मशीनभोवती कौतुकानं उभे राहिले. मनस्वीनं बटण दाबलं. लेझरनं नावं सुरेख कापली, वेल कापली, आणि शेवटी वरच्या फुलापासून खालच्या पानापर्यंत वेलीच्या मधोमध सरळ उतरलं. वेणूच्या भावानं बोर्ड उचलला. त्याच्या एका हातात प्रणित आला, दुसऱ्या हातात अंकिता.

 वेणूची आई म्हणाली, "हळद लागायच्या आधीच जोडी तोडली गो हिनं."

 मनस्वी रमाकडे वळली. "आत्या, या रेषेचं तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"सांगितलं होतं," रमा सगळ्यांना ऐकू जाईल अशा शांत आवाजात म्हणाली. "तुझं लक्ष मोबाइलमध्ये होतं."

मनस्वी वही उघडून दाखवू लागली. वेणूनं ती तिच्या हातून घेतली आणि मिटून गल्ल्यावर ठेवली. रमा खुर्चीवर बसली, ती रेषा पुसली, ॲक्रिलिकची नवी शीट लावली. अर्ध्या तासात अखंड बोर्ड निघाला. पाहुण्यांनी तो कापडात गुंडाळला. ते निघाल्यावर महादेव कुणाकडेही न बघता म्हणाला की भरतकामाचं मशीन तूर्त राहू दे.

बेलपाड्याला मांडवात बोर्ड शोभून दिसत होता. सुवासिनी हळद लावायला उठल्या तशी मनस्वीही उठली. तिनं वाटीत बोटं बुडवली होती.

"तू नको," वेणू म्हणाली. "तू मागं बस."

मागच्या रांगेत रमा बसली होती; बिनलग्नाच्या बाईला हळद लावू देत नाहीत. तिच्या शेजारची एक खुर्ची रिकामी होती. पिवळी बोटं पदरात लपवत मनस्वी तिकडे यायला निघाली. रमानं तिला येताना पाहिलं आणि आपली पर्स उचलून त्या खुर्चीवर ठेवली.