शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या त्या बाईंना सगळं शहर ब्रेकबाई म्हणायचं, आणि तेही तोंडावर. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटपुढे एक जादाचा ब्रेक होता आणि बाईंचा उभा जन्म त्याच्यावर उजवा पाय ठेवण्यातच गेला होता. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, जीव मात्र आपला, असा तो धंदा. पायाला लागलेली सवय गाडीतून उतरल्यावरही सुटत नसे. बसमध्ये वळण आलं की बाईंचा पाय समोरच्याच्या टाचेवर पडायचा. टीव्हीवर एखादी गाडी सुसाट निघाली की टेबलाखाली धप्पकन आवाज यायचा.

"आई, टीव्हीतली गाडी अशी थांबत नसते हो," जावई म्हणायचा.

"मग गेली का दरीत? नाही ना गेली?" बाई म्हणायच्या.

जावई मग चॅनेल बदलायचा.

तर अशा बाईंना शाळेच्या मुख्याध्यापिकांनी शर्यतीसाठी सुरक्षा-प्रमुख म्हणून बोलावलं, यात नवल नव्हतं. शाळा दरवर्षी मुलांच्या गाड्यांची शर्यत घ्यायची. गाडी घरी बनवलेली हवी आणि ती पेट्रोल-डिझेलवर चालता कामा नये. ऊन, वारा, स्वयंपाकघरातला कचरा, काहीही चालेल. शर्यतीचा सगळा खर्च कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपाचे मालक उचलत. त्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नसे, आणि मुख्याध्यापिकांनीही ते कधी त्यांच्या लक्षात आणून दिलं नव्हतं. गेल्या वर्षी मात्र एक गाडी थेट पाहुण्यांच्या रांगेत घुसली होती. म्हणून यंदा बाई.

बाईंनी नियम केले. प्रत्येक गाडीला ब्रेक हवा. हेल्मेट हवं. वळताना हात दाखवायचा. पाय टेकून किंवा ढकलून गाडी पुढे न्यायची नाही. "आणि पुढच्याला ओलांडायचं नाही" हाही एक नियम त्यांनी घातला होता. तो मुख्याध्यापिकांनी हळूच खोडला.

"बाई, शर्यत आहे ना ती."

"तेच तर म्हणतेय मी," बाई म्हणाल्या.

बाईंची नात, मुलीची मुलगी, यंदा शर्यतीत होती. तिची गाडी वाऱ्यावर चालायची. बाळाच्या जुन्या ढकलगाडीची चाकं, खाली फळी, मधोमध बांबू आणि शिडाला आजीच्या ड्रायव्हिंग स्कूलचा जुना बॅनर. तो उलटा शिवला गेल्यामुळे 'निर्धास्त शिका' ही अक्षरं डोक्यावर उभी होती. गाडी तिनं खरोखरच स्वतः बनवली होती, आणि ते दिसतही होतं. बाकीच्या मुलांनीही आपापल्या गाड्या स्वतःच बनवल्याचं सांगितलं. त्यांच्या वडिलांच्या बोटांना मात्र पट्ट्या होत्या. दंतवैद्याच्या मुलाची सौर गाडी तर इतकी चकचकीत होती, की ती चालू कशी करायची हे त्याला अधूनमधून वडिलांना विचारावं लागत होतं.

शर्यतीच्या सकाळी बाईंनी एकेका गाडीचा ब्रेक तपासला. खाली वाकल्या, चाकं फिरवून पाहिली, दोऱ्या ओढून पाहिल्या. सगळ्या पास. मग लाल झेंडा घेऊन त्या शाळेमागच्या रस्त्याच्या वळणावर उभ्या राहिल्या. वळणानंतर रस्ता मैदानाच्या फाटकात शिरत होता, आणि फाटकातच शेवटची रेघ होती.

शिट्टी वाजली आणि तेवढ्यात ढग आले. दोन्ही सौर गाड्या जागच्या जागी उभ्या. कचऱ्याच्या गॅसवर चालणाऱ्या गाडीतून नुसता वास सुटला. तिच्या आसपासचे प्रेक्षक मात्र चांगल्या वेगानं हलले. एक मुलगा दिवाणखान्यात पायडल मारून मारून भरलेल्या बॅटरीवर निघाला होता, तो घुर्रघुर्र करत रखडला. ढगांबरोबर वारा मात्र आला होता. उलट्या अक्षरांचं शीड टम्म फुगलं आणि नात निघाली.

काय निघाली! बाईंनी दुरून पाहिलं आणि लाल झेंडा काखेत मारला. पोर वाकून बसली होती, स्टिअरिंगची दोरी दोन्ही मुठींत, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर. अगदी आईसारखी. रस्ता मोकळा होता. वळणापाशी तिनं नियमाप्रमाणे हातसुद्धा दाखवला. मागे कुणी नव्हतं, पुढे कुणी नव्हतं, फाटक हाकेच्या अंतरावर. बाईंना वाटलं, आपण आता टाळ्या वाजवाव्यात.

पण टाळ्यांच्या आधी पाय आपटला, आणि तोंडातून शब्द निघाला, "ब्रेक!"

नात तीनचाकी सायकल चालवायला शिकली तीच या आवाजावर. विचार करायला वेळच नव्हता. हातानं काम केलं. गाडी जागेवर थांबली, बांबू पुढे कलला आणि शीड तिच्या अंगावर येऊन पडलं. आतून ती ओरडत होती, "काय आहे? काय आहे समोर?"

समोर काहीच नव्हतं.

ढग सरकले, ऊन आलं, आणि सौर गाड्या अंगात आल्यासारख्या सुटल्या. दंतवैद्याचा मुलगा सूं करत शेजारून गेला, मागोमाग दुसरी सौर गाडी, मग घुर्रघुर्र करत बॅटरीवालाही. ढकलायचं नाही हा आजीचाच नियम, त्यामुळे नात बांबू बांधत बसली. तिचा चौथा नंबर आला, तोही गॅसची गाडी हललीच नाही म्हणून. दंतवैद्याचा मुलगा पहिला आला आणि येतच राहिला. त्याचा ब्रेक वडिलांनी तपासणीपुरता बसवला होता. बक्षिसांच्या टेबलाला धडकूनच तो थांबला. लागलं कुणालाच नाही; फक्त पहिल्या नंबरच्या कपाचा कान तुटला.

मुख्याध्यापिकांनी माइक हातात घेतला. "पाहिलंत? ब्रेक न लागल्यावर काय होतं ते! आणि धोका सर्वांच्या आधी ओळखून वेळेवर इशारा कुणी दिला, तर आमच्या बाईंनी!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पंपाच्या मालकांनी बाईंना पुष्पगुच्छ दिला. नातीला ऐनवेळी सुचलेलं 'सुरक्षित चालक' बक्षीस मिळालं, एक चमकणारं जाकीट. तिनं ते असं धरलं होतं, जणू कुणीतरी तिला आपला ओला टॉवेल धरायला दिलंय.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "चल, गाडी टपावर बांधू."

"मी चालत जाणार आहे."

"अगं, वारा उलटा आहे. ओढवणार नाही तुला."

नातीनं शीड गुंडाळलं, दोरी खांद्यावर घेतली आणि ती निघाली. मग रस्त्यानं एक विचित्र वरात गेली. पुढे वाऱ्यावर चालणारी गाडी वाऱ्याविरुद्ध ओढणारी मुलगी, मागे पहिल्या गिअरमध्ये, चारही दिवे लुकलुकवत, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी, आणि तिच्यामागे हॉर्न वाजवणारी लांबलचक रांग.

"माझ्या मागून येऊ नकोस," नात मागे न बघता म्हणाली.

"मी कुठे तुझ्या मागून येतेय? माझंही घर इकडेच आहे," बाई खिडकीतून म्हणाल्या.

चढावर पोर थांबली. धापा टाकत खिडकीपाशी आली. "आजी, खरं सांग. समोर काय होतं?"

कुत्रं म्हणता आलं असतं. सगळ्या शाळेनं तर काहीतरी होतं असं मानूनच टाकलं होतं, पुष्पगुच्छही मागच्या सीटवर पडला होता. बाईंनी इंजिन बंद केलं. मागे हॉर्नचा गदारोळ झाला.

"काही नव्हतं. तू इतकी छान येत होतीस, की मला भीती वाटली."

"छान येत होते म्हणून?"

"हो."

नातीनं खांद्यावरची दोरी खाली टाकली. मग म्हणाली, "हे फारच वाईट कारण आहे." आणि गाडी टपावर चढवायला तिनं एका बाजूनं हात लावला.

ती बोलली तेवढंच. पुढचा आठवडाभर जेवताना मीठ हवं असलं तरी ती आईला सांगे, आणि आई आजीकडून मागून घेई.

पुढच्या वर्षी मुख्याध्यापिकांचं बोलावणं पुन्हा आलं. नातीनं अट घातली: आजीनं पाणी वाटायचं, तेही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, शर्यतीकडे पाठ करून. बाईंनी अट निमूट पाळली. पण त्या दिवशी वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती. शीड ओल्या फडक्यासारखं लोंबत राहिलं आणि नातीचा नंबर शेवटून पहिला आला. या वेळी कुणालाच दोष देता येत नव्हता, आणि त्याचं त्या दोघींनाही जरा वाईटच वाटलं.